वाघ्याचं ते

काही विषय असे असतात, की ऑफिसात लंच टेबलवर काढले तर हशा पिकतो आणि घरी काढले तर एकदम शांतता पसरते. आजचा विषय त्यातलाच. तेव्हा मंडळी, जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या. आणि घरात कुत्रा असेल तर मात्र शेवटपर्यंत वाचा, तुमचे चार महिने वाचतील.

धाराशिवला आमच्या घरी वाघ्या आहे. अडीच वर्षांचा, तांबूस रंगाचा, एक कान उभा, एक पडका, वजन २२ किलो. जात विचाराल तर अस्सल गावठी. पण अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की त्याच्यात कारवानी रक्त आहे. आमच्या मराठवाड्यात कारवानी आणि पश्मी या शिकारी कुत्र्यांचं भलतंच कौतुक. त्यामुळे ज्याच्या कुत्र्याचे पाय जरा लांब, त्याचा कुत्रा कारवानी. असो.

अण्णा निवृत्त शिक्षक. आई २०२२ मध्ये गेली. ताई लातूरला, मी पुण्यात. "पुण्याला चला" म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "तिथं येऊन काय करू? तुझ्या गॅलरीत बसू?" मग एका ओळखीच्यांच्या शेतातून त्यांनी हे पिल्लू आणलं. फोनवर बोलणं जरा वाढलं, आवाजात जरा जान आली. आम्ही दोघं बहीणभाऊ निर्धास्त झालो.

आणि मग पिल्लू मोठं झालं.

वाघ्या चावत नाही, विनाकारण भुंकत नाही, चपला खात नाही. त्याचा प्रॉब्लेम एकच. घरी पाहुणा आला की तो आधी जिथं वास घेऊ नये नेमका तिथंच नाक खुपसून वास घेतो. पाहुणा "अरे अरे" करत मागे सरकतो. आणि पाहुणा खुर्चीत टेकला, की वाघ्या पुढच्या दोन्ही पायांनी त्याची पोटरी घट्ट पकडतो आणि... ते सुरू करतो.

आता "ते" म्हणजे काय हे तुम्हाला कळलंच असेल. आमच्या घरात त्याला शब्दच नव्हता. लहानपणी टीव्हीवर विशिष्ट जाहिरात लागली की अण्णा उठून पाणी प्यायला जायचे, असं आमचं घर. त्यामुळे सुरुवातीला फोनवर संवाद असे व्हायचे:

"वाघ्यानं आज परत केलं."

"काय केलं?"

"तेच की रे."

शेवटी "वाघ्याचं ते" हाच अधिकृत शब्द झाला.

मी पुण्यात बसून हसायचो. टीममध्ये सांगायचो, पोरं खिदळायची. एकदा तर अण्णांचे जुने मुख्याध्यापक आले होते. अण्णा आजही त्यांच्यासमोर पाय खाली सोडून बसतात. चहा येईपर्यंत वाघ्यानं त्यांच्या पांढऱ्याशुभ्र पॅंटीची पार वाट लावली. सर काही बोलले नाहीत, अर्धा चहा ठेवून उठले. अण्णांनी मला हे सांगितलं तेव्हाही मी हसलो. अण्णा हसले नव्हते. ते मला तेव्हा जाणवलं नाही.

मग २०२५ ची नागपंचमी आली. ताई माहेरी आली, सोबत चार वर्षांची भाची. पोरगी आनंदाने अंगणात धावत सुटली, किंचाळत, गोल गोल. वाघ्या मागे. मागून त्यानं तिच्या कमरेला पुढच्या पायांचा विळखा घातला. बावीस किलोंचा कुत्रा, चौदा-पंधरा किलोंची पोरगी. ती तोंडावर पडली, कपाळ उंबऱ्याला लागलं, कमरेवर नखांचे दोन ओरखडे.

ताईनं ते ओरखडे नळाखाली साबणानं चांगले पंधरा मिनिटं धुतले. हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा: कुत्र्याचा दात असो वा नख, हळद-चुना काही लावत न बसता आधी साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, आणि मग थेट डॉक्टर. वाघ्याचं रेबीजचं लसीकरण झालेलं होतं, तरी डॉक्टरांनी पोरीला इंजेक्शनं सुरू केलीच. कपाळाला टेंगूळ आलं, बाकी काही नाही. पण ती त्या दिवशी झोपेत दचकून उठली, आणि दुसऱ्या दिवशी ताई दोन दिवस आधीच परत निघाली. जाताना म्हणाली, "अण्णा, हे कुत्रं इथं आहे तोवर मी हिला आणणार नाही."

रात्री अण्णांचा फोन आला. "शेतावर नेऊन बांधतो त्याला," म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "रात्री लई वरडंल पण."

तेव्हा माझं हसू संपलं.

शुक्रवारी रात्री लातूर एक्स्प्रेस पकडली आणि शनिवारी सकाळी धाराशिवात हजर. (गावाचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदललं, पण अण्णा अजूनही पत्त्यावर आधी "उस्मा" लिहितात, मग खोडतात. पन्नास वर्षांची हाताची सवय, ती राजपत्रातल्या अधिसूचनेनं जात नाही. पुढे वाघ्याच्या बाबतीत हे वाक्य मला फार उपयोगी पडलं.)

आपला धंदाच बग शोधण्याचा. तेव्हा मी ठरवलं, हा बग आहे, आणि बगला शिव्या देऊन तो जात नाही. आधी कळलं पाहिजे की तो नक्की कधी येतो.

पण त्याआधी सल्ले गोळा झाले. गल्लीत सल्ल्यांना तोटा नाही. एक म्हणाले, "मिरची लावा पायाला." दुसरे म्हणाले, "तो तुमचा मालक व्हायला बघतोय. पाडा त्याला उताणा आणि दाखवा धाक." हा दुसरा सल्ला तर इंटरनेटवरही रग्गड मिळतो. त्याचं मूळ शोधलं तर मजा आहे. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिवासातल्या लांडग्यांवर लिहिलं, की कळपात वरच्या जागेसाठी सतत मारामारी चालते. १९७० मध्ये डेव्हिड मेक यांच्या पुस्तकामुळे ती कल्पना जगभर गेली. आणि १९९९ मध्ये खुद्द मेक यांनीच जंगलातले लांडगे पाहून लिहिलं, की तिथं कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आईबाप आणि पोरं. म्हणजे एका जागी कोंडलेल्या परक्या लांडग्यांवरून बांधलेला अंदाज आपण आपल्या ओसरीवरच्या कुत्र्याला लावत बसलोय. वाघ्याला आमच्या घराचा कारभार नको होता. तो कारभार कुणालाच नको आहे, नळाचं पाणी येण्याची वेळ पाहिलीत तर कळेल.

मग आम्ही पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी आधी तपासलं की खाज, लघवीचा त्रास, कातडीचा काही आजार तर नाही ना. कारण कधी कधी दुखण्यामुळेही कुत्रा असं करतो. तसं काही नव्हतं. मग त्यांनी जे सांगितलं त्यानं माझे डोळे उघडले. हे वागणं दर वेळी कामवासनेचं नसतं. काही आठवड्यांची पिल्लं खेळताना करतात, माद्या करतात, नसबंदी झालेले कुत्रेही करतात. बऱ्याचदा तो नुसता उतू गेलेला उत्साह असतो, नाहीतर ताण. पाहुणा आला, आनंद झाला, काय करू आणि काय नको झालं, आणि त्या ऊर्जेला वाट मिळाली ती ही. दूध उतू जातं तसं. आपण गॅस बारीक करायच्या ऐवजी दुधाला ओरडत असतो.

"पण नसबंदी करून घ्या," ते म्हणाले. "फरक पडेल. जादू मात्र होणार नाही."

घरी येताना अण्णा रिक्षात गप्प होते. मीही गप्प. बापलेकानं या विषयावर बोलायचं कसं? शेवटी अण्णाच म्हणाले, "म्हणजे बैल खच्ची करतात तसं?"

"तसंच. पण भूल देऊन, नीट."

"हं." मग बऱ्याच वेळानं म्हणाले, "आमच्या वडिलांकडं एक मारका बैल होता. उशिरा खच्ची केला. नरमला, पण सवयीनं शिंग हाणायचाच."

आता ऐका. १९९७ मध्ये अमेरिकेत डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन वर्षांवरच्या ५७ कुत्र्यांचा अभ्यास छापला. नसबंदीनंतर अंगावर चढणं, जागोजागी मुतणं आणि उंडारणं या तीन गोष्टी ६० टक्क्यांहून जास्त कुत्र्यांत निम्म्यानं तरी कमी झाल्या. पण जवळपास बंद झाल्या त्या फक्त २५ ते ४० टक्क्यांत. म्हणजे उरलेल्यांमध्ये सवय शिल्लक राहिलीच. अण्णांनी हे ५७ कुत्रे न पाहता एका बैलावरून सांगितलं होतं.

ऑगस्टमध्ये नसबंदी झाली. टाके भरेपर्यंत वाघ्या गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं घालून दारांना धडकत फिरला. आणि इकडे आम्ही नोंदी सुरू केल्या.

मी एक्सेल शीट बनवून दिली होती. अण्णांनी ती बघितली, "छान आहे" म्हणाले, आणि कपाटातून शाळेचं एक कोरं रजिस्टर काढलं. पट्टीनं रकाने आखले: दिनांक, वेळ, कोण आले, आधी काय घडले, किती वेळ, आपण काय केले, शेरा. अक्षर असं, की छापल्यासारखं. आमचे प्रोजेक्टचे लॉग्ज या क्वालिटीचे असते तर मी आज रात्री शांत झोपलो असतो.

तीन आठवड्यांनी गेलो आणि रजिस्टर उघडलं. बगचा पॅटर्न पहिल्या पानावरच दिसत होता. घर शांत असताना एकदाही नाही. जे व्हायचं ते माणूस आत आल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात मिनिटांत. ज्या दिवशी पावसामुळे फिरणं चुकलं, त्या दिवशी हमखास. आणि "आपण काय केले" या रकान्यात दर वेळी तेच: "ओरडलो", "ढकलले", "पाहुणे हसले". म्हणजे वाघ्याच्या बाजूनं बघा. नुसतं शेपूट हलवलं तर कुणी ढुंकून बघत नाही. ते केलं की सगळं घर उठतं, त्याच्याकडे बघतं, त्याला हात लावतं, आवाज करतं. ढकलणं म्हणजे तर कुत्र्याच्या भाषेत कुस्तीचं आमंत्रणच. दोन वर्षं आम्ही या गोष्टीला बक्षीस देत आलो होतो.

पण मला त्या रजिस्टरात आणखी एक गोष्ट दिसली. एकवीस दिवस, एकवीस ओळी. त्यातल्या चौदा ओळींत "कोण आले" च्या खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: निरंक. उरलेल्या सातांत दूधवाला, सिलिंडरवाला, लाईटचं मीटर बघणारा. बसायला म्हणून आलेली माणसं दोन.

आईच्या वेळी या घरात चहाचं आधण खाली उतरायचं नाही.

मी विचारलं, "सर येत नाहीत का हल्ली?"

"कसे येतील," अण्णा म्हणाले. "मीच बोलवत नाही. लाज वाटती की रे."

त्यावर काय बोलावं मला कळलं नाही. मी रकाने बघत बसलो.

तर आता उपाय. क्रमाने सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं, पाहुणा यायच्या आधी दमवणं. सकाळ-संध्याकाळ हातलाईच्या बाजूला चाळीस-चाळीस मिनिटं. नुसतं चालणं नाही, मनसोक्त वास घेत चालणं. कुत्र्याला वास घेऊ देणं म्हणजे त्याला पेपर वाचू देणं. तेच वास घेण्याचं काम तो पाहुण्यावर करतो, त्यात त्या बिचाऱ्या पाहुण्याचा अपमान नसतो. माणसाच्या घामातल्या ज्या ग्रंथींना जास्त वास असतो त्या काखेत आणि जांघेत असतात. काख उंच, जांघ कुत्र्याच्या नाकासमोर. मग तो जाणार कुठं? त्याला दुसरी जागा द्यायची. पाहुण्यानं आल्या आल्या मूठ खाली धरायची, तिचा वास घेतला की शाबासकी.

दुसरं, पट्टा. पाहुणे असताना घरातही गळ्यात पट्टा आणि दोरी. म्हणजे त्याला दूर नेताना अंगाला हात लावावा लागत नाही.

तिसरं, जागा. ओसरीच्या कोपऱ्यात एक गोणपाट. तिथं बसलं की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. आधी पाच सेकंद, मग दहा, मग अर्धा मिनिट, मग मिनिट. हुकूम कोणता द्यायचा यावर मी व्हिडिओ बघून "प्लेस" सुचवलं. अण्णांनी पस्तीस वर्षं वर्गात वापरलेला शब्द वापरला: "जागेवर!" पहिल्याच वेळी मी स्वतः खाली बसलो.

चौथं, तरीही त्यानं ते केलंच तर ओरडायचं नाही, हसायचं नाही, ढकलायचं नाही. एक शब्द न बोलता दोरी धरून बाजूच्या खोलीत न्यायचं, अर्धा मिनिट, परत आणायचं. पुन्हा केलं, पुन्हा अर्धा मिनिट. तासभर कोंडून ठेवून उपयोग नाही. कशाबद्दल कोंडलं हेच तोवर तो विसरलेला असतो.

पाचवं, सुरू व्हायच्या आधी ओळखणं. वाघ्या आधी ओठ चाटतो, मग गोल फिरतो, मग धापा टाकत पायाशी घोटाळतो. या वेळी हाक मारून जागेवर बसवलं की काम सोपं. नंतर अवघड.

हे सगळं वाचायला सोपं आहे. आता अडचण बघा. हे शिकवायला काय लागतं? पाहुणे! टेस्ट एन्व्हायर्नमेंटच नाही आणि टेस्टिंग करायचंय. घरी कुणी येत नाही म्हणून कुत्रा शिकत नाही, आणि कुत्रा शिकत नाही म्हणून कुणी येत नाही.

"लोकांना काय म्हणून बोलवू?" अण्णा म्हणाले. "आमच्या कुत्र्याच्या तालमीला या?"

"हो. तसंच सांगा."

त्यांनी दोन दिवस घेतले. मग फोन लावला तो थेट मुख्याध्यापकांनाच. मी शेजारी बसून ऐकत होतो. आधी पाऊस झाला, सोयाबीन झालं, पेन्शन झालं. मग अण्णा उभे राहिले. फोनवर, सरांशी बोलताना, उभे. "सर, त्या दिवशी जे झालं त्याची माफी मागायची होती. आणि एक मदत पाहिजे होती."

सर दुसऱ्या दिवशी आले. या वेळी जुनी खाकी पॅंट घालून. म्हणाले, "आम्ही सातवी ब सांभाळलीय. हा काय आहे?" मूठ खाली धरली, खुर्चीत बसले, वाघ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वाघ्या गोल फिरायला लागला. "जागेवर!" तो बसला. अंडं. पुन्हा उठला. "जागेवर!" पुन्हा अंडं. तिसऱ्यांदा सरांच्या पायाशी पोचलाच. अण्णांनी गुपचूप आत नेला. चहा पूर्ण प्यायला गेला त्या दिवशी. दोन कप.

जाता जाता सर म्हणाले, "रिकामं पोरगं दंगा करतं. दंगेखोराला आपण काय करायचो? फळा पुसायला द्यायचो. याला काहीतरी काम द्या."

पुढे मी वाचलं तेव्हा कळलं की श्वानप्रशिक्षक नेमकं हेच सांगतात: नको ते करू नको म्हणण्यापेक्षा, त्याच वेळी दुसरं काहीतरी करायला शिकवा, जे केलं की पहिलं करताच येणार नाही. मग वाघ्याला काम मिळालं. पाहुणा आला की ओसरीवरची पेपरची गुंडाळी तोंडात धरून आणून द्यायची. तोंडात पेपर असला की त्याला वाटतं आपण फार महत्त्वाचे आहोत, आणि महत्त्वाचा माणूस कुणाच्या पोटऱ्या पकडत नाही. (सन्माननीय अपवाद असतील.)

हळूहळू बातमी पसरली. समोरच्या काकू "बघू तुमचा विद्यार्थी" म्हणून यायला लागल्या. गल्लीतली पोरं तर रांगेत. पण पोरांना आधी शिकवावं लागलं. धावायचं नाही, किंचाळायचं नाही, मोबाईलमध्ये शूटिंग करायला त्याला मुद्दाम उचकवायचं नाही. कुत्रा अंगावर आला तर "झाड" व्हायचं: हात छातीशी, नजर खाली, हलायचं नाही. झाडाशी खेळण्यात कुत्र्याला मजा येत नाही. आणि मोठं माणूस जवळ असल्याशिवाय पोरं आणि कुत्रा एकत्र सोडायचे नाहीत, कुत्रा कितीही गुणी असो. खरं सांगू का, वाघ्याला शिकवणं सोपं होतं. माणसांना "हसू नका, बघू नका, हाड् हाड् करू नका" हे शिकवणं महाकठीण.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात प्रकार वाढला. आधी दिवसाला एकदा, आता तीन-तीनदा. अण्णांचा फोन, "जास्तच बिघडायलाय की रे." मी सांगितलं, थांबा. लिफ्टचं बटण दाबून लिफ्ट आली नाही तर आपण काय करतो? शांतपणे जिन्यानं जातो का? नाही, आधी बटण दहादा दाबतो. आजवर मिळणारं बक्षीस एकदम बंद झालं की आधी जोर वाढतो, मग तो संपतो. नेमकं याच वेळी कंटाळून कुणी ओरडलं की सगळं मुसळ केरात, कारण मग कुत्रा शिकतो की दहादा दाबलं की लिफ्ट येते.

सप्टेंबरअखेर अतिवृष्टीनं जिल्ह्याची दैना उडवली. परंडा, भूमकडच्या बातम्या बघवत नव्हत्या. मी दोन आठवडे जाऊ शकलो नाही. अण्णांनी एकट्यानं चालू ठेवलं. पावसानं फिरणं बंद, तर घरातच अंड्याचे तुकडे लपवून वाघ्याला शोधायला लावायचे. हे मी सांगितलेलं नव्हतं. रजिस्टरात वाचलं.

ऑक्टोबरमध्ये "किती वेळ" च्या रकान्यात मिनिटांच्या जागी सेकंद आले. मग अधूनमधून "प्रयत्न केला, स्वतःच परतला." या ओळीखाली अण्णांनी लाल शाईनं रेघ मारली होती.

ताईला मी हे सगळं सांगत होतो, पण ती "बघू" म्हणायची. तिचं चूक नव्हतं. पोरगी अजून रस्त्यावरच्या कुत्र्याला बघून तिच्या पदराआड जात होती. मी ताईला एकदाही "ये" म्हटलं नाही. अण्णांनीही नाही. त्यांनी फक्त रजिस्टरच्या पानांचे फोटो काढायला शिकून घेतलं आणि तिला पाठवायला लागले. रोज, शेऱ्यासकट.

मार्गशीर्षातली चंपाषष्ठी आमच्याकडे मोठी. अणदूर-नळदुर्गचा खंडोबा आमचं कुलदैवत. भरीत-रोडग्याचा नैवेद्य, आणि त्यात कुत्र्याचाही मान, कारण कुत्रा खंडोबाचा. त्याचे भक्त वाघ्या म्हणवून घेतात आणि देवापुढं कुत्र्यासारखे भुंकतात. आमच्या वाघ्याचं नाव तिथूनच आलेलं. एरवी "हाड्" आणि आज नैवेद्य, असा आपला कारभार.

त्या सकाळी ताईचा मेसेज आला: "निघालोय."

अण्णांनी पहाटेच वाघ्याला फिरवून आणलं होतं. गाडी दारात थांबली. भाची दाजींच्या कडेवर, त्यांच्या गळ्याला घट्ट धरून. वाघ्या उठला, ओठ चाटले, गोल फिरला. मी श्वास रोखला.

"जागेवर!"

वाघ्या गोणपाटावर बसला. आणि दाजींच्या कडेवरून भाची म्हणाली, "मला पण खाली सोडा," आणि पायरीवर जाऊन मांडी घालून, हाताची घडी करून बसली. बालवाडीत हाच शब्द आहे म्हणे. तिला वाटलं तिलाच सांगितलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. जेवणानंतर घर भरलेलं, सर होते, काकू होत्या, आवाज वाढला, आणि वाघ्यानं दाजींचा पाय पकडलाच. कुणी हसलं नाही. कुणी ओरडलं नाही. दाजी तर इतके झाड झाले की त्यांनी पापणीही हलवली नाही. अण्णांनी उठून त्याला आत नेलं, अर्ध्या मिनिटानं आणलं, आणि वाघ्या तोंडात पेपर घेऊन भाचीसमोर जाऊन उभा राहिला. तिनं आधी आईकडे बघितलं. मग मूठ खाली धरली.

दुसऱ्या दिवशी परत निघताना मी रजिस्टर उघडलं.

कोण आले: ११. किती वेळ: ४ सेकंद, एकदा. आपण काय केले: काही नाही.

शेरा: पोरगी रात्री राहिली.